पर्वरीच्या बाल्कनीतला आकडा, फोनमधला आकडा आणि सरकारी तक्त्यातला आकडा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यातल्या पर्वरीत महामार्गापासून दोन गल्ल्या आत तुमचा फ्लॅट. मुलगा सात वर्षांचा, त्याला दम्याचा त्रास. उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून त्याचा खोकला वाढला असं वाटल्याने तुम्ही एक लहान सेन्सर मागवून बाल्कनीत लावला. तो सकाळी साडेसहाला १६० दाखवतो. त्याच वेळी फोनमधलं ॲप ९० म्हणतं. आणि सरकारी तक्त्यात हवेचा निर्देशांक ५०, म्हणजे 'चांगली'. तुम्ही विचारता, खरं कोण? सोसायटीने कुणाकडे नेमकं काय मागायचं? आणि एवढ्या झपाट्याने वाढणाऱ्या या भागाचं काय?

मी फोंड्याचा. हवेचे नमुने घेण्याच्या कामात सत्तावीस वर्षं गेली, आधी एका खासगी प्रयोगशाळेत आणि आता स्वतंत्रपणे. खाणपट्ट्यात, मुरगाव बंदराच्या भोवताली, औद्योगिक वसाहतींत, भर बाजारात यंत्रं लावली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या तीन आकड्यांपैकी एकही बनावट नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमचा खरा प्रश्न मात्र त्यातल्या एकालाही विचारलेला नाही. माझ्या मुलाच्या नाकात कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कसली धूळ जाते आणि ती कोण थांबवू शकतो, हा तुमचा प्रश्न. तिथे पोहोचण्यासाठी आधी आकड्यांचा गुंता सोडवू.

सगळ्यात सोपी गाठ ॲपची. समजा हवेत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, घनमीटरला ३० मायक्रोग्रॅम आहेत. भारतीय निर्देशांकात ३० पर्यंत 'चांगली' हवा, म्हणून निर्देशांक ५०. अमेरिकी मोजपट्टीत 'चांगली'ची मर्यादा २०२४ पासून ९ वर आणली आहे, त्यामुळे तीच ३० ची हवा तिथे ९० च्या आसपास निघते. हवा एकच, धूळ एकच, पट्टी वेगळी. बहुतेक परदेशी ॲप आणि बाजारातले सेन्सर अमेरिकी पट्टी वापरतात. शिवाय पुष्कळ ॲपचा आकडा जवळच्या यंत्रावरून आलेला नसतो. उपग्रह आणि हवामानाच्या गणितावरून काही किलोमीटरच्या चौकोनासाठी काढलेला तो अंदाज असतो. त्या चौकोनात तुमचा महामार्ग, मांडवीचं पाणी आणि साळगावकडची शेतं एकत्रच येतात. म्हणून पहिलं काम करा: सेन्सरच्या सेटिंगमध्ये जाऊन निर्देशांक बंद करा आणि थेट मायक्रोग्रॅम दाखवायला लावा. तुलना करायची ती मायक्रोग्रॅमची. तुमचा १६० हा अमेरिकी पट्टीचा असेल तर तो साधारण ६८ मायक्रोग्रॅम होतो. एवढ्यानेच भीती थोडी मापात येईल.

दुसरी गाठ वेळेची, आणि ती जास्त महत्त्वाची. २००९ साली अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा ६० आणि वर्षाची ४०. पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण, यांच्यासाठी हेच आकडे १०० आणि ६०. हाताने नमुने घेण्याच्या पद्धतीत आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला किमान १०४ वेळा, चोवीस तास यंत्र चालवतात आणि सरासरी काढतात. आता तुमच्या गल्लीचं एक गणित मांडतो. सकाळ-संध्याकाळ मिळून ४ तास १५० आणि उरलेले २० तास ३५ धरा. चोवीस तासांची सरासरी ५४. कागदावर मानक पाळलं गेलं. पण तुमचा मुलगा शाळेला निघतो आणि संध्याकाळी खाली खेळतो तो नेमका त्या चार तासांत. सरासरीने कुणी फसवलं नाही. सरासरी काढली की हे होणारच.

गोव्यात वर्षाच्या सरासरीचं तर याहून मोठं आहे. आपल्याकडे चार महिने आभाळ हवा धुऊन काढतं. पावसाळ्यातले चार महिने पीएम १० चा आकडा ३० आणि बाकीचे आठ महिने ७५ असं धरा. वर्षाची सरासरी बरोबर ६० येते, म्हणजे काठावर पास. उत्तर हिंदुस्थानातल्या शहराला अशी सूट मिळत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात ज्या शहरांना हवा सुधारण्याचा आराखडा आणि निधी मिळतो, त्या यादीत गोव्याचं एकही शहर नाही. ही एका अर्थी अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याचा अर्थ डिसेंबरातली सकाळ पर्वरीत किंवा वास्कोत स्वच्छ असते असा काढणं चूक आहे. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं: गोव्याची हवा वर्षाने आणि जिल्ह्याने मोजून कळत नाही, ती तासाने आणि गल्लीने मोजावी लागते.

आता तुमचा सेन्सर. या छोट्या डब्यात एक पंखा हवा ओढतो, लेझरचा किरण कणांवर पडतो आणि किती प्रकाश विखुरला त्यावरून यंत्र कणांचा अंदाज करतं. वजन कुणी करत नाही. गोव्यासारख्या दमट, खाऱ्या हवेत हा डबा दोन्ही बाजूंनी चुकतो.

पहाटे आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर जाते. हवेतले मिठाचे आणि धुराचे बारीक कण पाणी शोषून फुगतात, धुक्याचे थेंबही किरणात येतात, आणि सेन्सर ते सगळं धूळ म्हणून मोजतो. तुमच्या साडेसहाच्या १६० मधला बराचसा वाटा हा असू शकतो. सरकारी केंद्रांत तासागणिक आकडा देणाऱ्या बीटा किरणांच्या यंत्राची हवा घेणारी नळी गरम केलेली असते, ती याचसाठी. आम्ही हाताने वजन करायचो तेव्हाही फिल्टर कागद यंत्रावर चढवण्याआधी आणि उतरवल्यावर चोवीस तास कोरड्या पेटीत ठेवूनच तराजूवर घ्यायचो. जूनच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या नवशिक्या मुलाने ही पायरी चुकवली की कागदाचं वजन ओलाव्यानेच वाढलेलं असे आणि अख्खी तुकडी रद्द करावी लागे.

उलटी चूक दुपारी होते. टिप्पर जातात, कोरडी माती उडते, बाल्कनीतल्या कुंड्यांच्या पानांवर लाल थर बसतो, आणि सेन्सर मात्र २५ दाखवतो. कारण बांधकामाची आणि रस्त्याची धूळ जाड असते. स्वस्त सेन्सरला जाड कण जवळजवळ दिसतच नाहीत. पीएम १० म्हणून जो आकडा तो दाखवतो, तो बारीक कणांवरून ताणून काढलेला असतो. म्हणजे ज्या धुळीविषयी तुमची मुख्य तक्रार आहे, तीच तुमच्या यंत्राला दिसत नाही. पुलाच्या कामाविरुद्ध तक्रार करताना या डब्याचा पीएम १० पुरावा म्हणून नेऊ नका. समोरचा अभियंता जाणकार असेल तर पहिल्याच वाक्यात तुम्हाला गप्प करेल, आणि तुमचं खरं म्हणणंही त्यात बुडेल.

मग सेन्सर निरुपयोगी का? अजिबात नाही. माझ्याकडेही दोन आहेत. फक्त त्याला वजनकाटा न समजता पहारेकरी समजायचं. किती, हे तो नीट सांगत नाही. कधी वाढलं आणि कधी उतरलं, हे तो चांगलं सांगतो. त्याच्या जोडीला आर्द्रता लिहा आणि आर्द्रता ८५ च्या वर असलेले तास बाजूला काढा. जमलं तर पंधरा दिवस तो एखाद्या प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून दोघांची तुलना करा. एखादी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा किंवा महाविद्यालयाचा पर्यावरण विभाग तयार झाला तर हे काम फार खर्चाचं नाही. ते शक्य नसेल तर एकाच जातीचे दोन सेन्सर घ्या. एक रस्त्याच्या बाजूला लावा, दुसरा इमारतीच्या मागच्या बाजूला. दोघांची चूक साधारण सारखीच असते, त्यामुळे त्यांच्यातला फरक बराच खरा असतो. महामार्गाच्या बाजूला ७० आणि मागे ६५ असेल तर तो प्रश्न सगळ्या परिसराच्या हवेचा किंवा धुक्याचा. ७० आणि ३० असेल तर तो रस्त्याचा.

जागेबद्दल एक चूक माझ्याच हातून झालेली सांगतो. खूप वर्षांपूर्वी एका गावच्या बाजारपेठेत आम्ही एका दुमजली इमारतीच्या छपरावर यंत्र बसवलं. उंची नियमात होती, तीन ते दहा मीटरच्या मधली. वीज होती, चोरीची भीती नव्हती. दोन महिने बारीक कणांचे आकडे इतके चढे येत होते की अहवालात वाहतुकीला दोष द्यायची तयारी झाली होती. एका पहाटे कागद बदलायला मी स्वतः चारला गेलो. शेजारच्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, लाकडाची भट्टी पेटलेली होती आणि तिचा धूर सरळ आमच्या यंत्राच्या तोंडात जात होता. ती दोन महिन्यांची मोजणी वाया गेली. त्याहून वाईट म्हणजे ती तशीच छापली गेली असती तर बाजारातल्या रिक्षावाल्यांवर उगाच खापर फुटलं असतं. तेव्हापासून जागा ठरवण्याआधी मी एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र तिथे काढतो. तुम्हीही सेन्सर स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ, एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ किंवा जिथे खालच्या मजल्यावरून अगरबत्तीचा धूर वर येतो तिथे लावू नका.

फिल्टर कागदाचा रंग पुष्कळ काही सांगतो, म्हणून थोडं विषयांतर करतो. मोठ्या यंत्रातून मिनिटाला सव्वा घनमीटरच्या आत-बाहेर हवा जाते. आठ तासांनी कागद काढला की पीएम १० मर्यादेइतकं, म्हणजे १०० असेल तर त्यावर जेमतेम पन्नासेक मिलिग्रॅम धूळ असते. चिमूटभरसुद्धा नाही. पण रंग दिसतो. कुडचडे-सावर्डे भागात खनिज वाहतूक जोरात होती त्या काळातले कागद विटेसारखे लाल निघत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि पुढच्याच मोसमात तेच कागद फिकट तपकिरी दिसू लागले. मुरगावात बंदराच्या बाजूचे कागद करडे-काळपट. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचा कागद जवळपास पांढरा, पण वजनात थोडा भरतो, कारण त्यावर समुद्राचं मीठ असतं. २०२० च्या टाळेबंदीत रस्त्याकडेचे कागद मी खिडकीपाशी धरून बघितले, ते पहिल्यांदाच इतके उजळ दिसले.

रंगावरून निकाल मात्र देता येत नाही. मुरगावच्या काळ्या धुळीत कोळसा आहे, जहाजांचा आणि ट्रकांचा डिझेलचा धूर आहे, टायरची झीज आहे, कचरा जाळल्याची काजळी आहे. कुणाचा वाटा किती, हे ठरवायला कागदाचं रासायनिक पृथक्करण करावं लागतं. पोटॅशियम जास्त असेल तर लाकूडफाटा आणि पालापाचोळा जळालेला, सोडियम-क्लोरिन म्हणजे समुद्र, सिलिकॉन-ॲल्युमिनियम म्हणजे माती. गोव्यात इथेही एक अडचण आहे. आपली जांभ्याची मातीच लोहाने भरलेली. कागदावर लोह सापडलं म्हणून ते खनिजाच्या ट्रकमधून उडालं असं म्हणता येत नाही, ते तुमच्या रस्त्याच्या साइडपट्टीचंही असू शकतं. 'धूळ कुणाची' या प्रश्नावर घाईने उत्तर देणाऱ्या माणसावर, मग तो कंपनीचा असो वा आंदोलनाचा, मी भरवसा ठेवत नाही.

वाऱ्याकडेही लक्ष द्या. ऑक्टोबर ते मे साधारण सकाळी उशिरा समुद्रावरून वारा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत चालतो. रात्री तो पडतो, किंवा जमिनीवरून समुद्राकडे हलका वाहतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन लवकर थंड होते, वरची हवा उबदार राहते आणि खालच्या थंड हवेवर झाकण बसल्यासारखं होतं. रात्री उशिरापासून सकाळी आठ-नऊपर्यंत जे काही जळेल, उडेल, ते खालीच साचतं. पर्वरीचं पठार उंचावर असल्याने तिथे हवा खेळती राहते. त्या मानाने फोंडा-डिचोलीच्या खोलगट भागांत आणि पणजीच्या सखल भागात सकाळचा धूर जास्त वेळ रेंगाळतो. म्हणून तुमच्याकडचा सकाळचा चढ आर्द्रतेची चूक वजा केल्यावरही उरला, तर सगळ्यात आधी आदल्या रात्री आणि पहाटे काय जळलं ते शोधा. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जळतात तेव्हाचा चढ कुणालाही कळतो. पण रोजचा चढ असतो तो पाचोळ्याचा, प्लास्टिक मिसळलेल्या कचऱ्याचा, न्हाणीच्या चुलीचा, इमारतींच्या जनरेटरचा. मे महिन्यात पावसाआधी परसं साफ करण्याची जी धांदल उडते, त्या पंधरा दिवसांत पहाटेचा वास माझ्या फोंड्यातही बदलतो.

म्हणून वही करा. साधी शंभर पानी. रोज चार वेळा, सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा, सेन्सरचा पीएम २.५, आर्द्रता, वारा कुठून, आणि डोळ्यांना-नाकाला काय जाणवलं ते लिहा. पाणी मारणारा टँकर आला का, किती वाजता, किती वेळाने रस्ता पुन्हा वाळला? कुठे धूर दिसला? मुलाला इनहेलर किती वेळा लागला? जाड धुळीसाठी एक जुनी युक्ती आहे: रस्त्याच्या बाजूच्या कठड्यावर एक पांढरी, गुळगुळीत फरशी ठेवा, चोवीस तासांनी तिचा त्याच उजेडात फोटो काढा आणि पुसून ठेवा. हे शास्त्रशुद्ध मापन नाही. पण महिनाभराचे तीस फोटो तारखेसकट समोर ठेवले तर रविवारी काम बंद असताना फरशी कशी दिसते आणि बुधवारी कशी, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मागायचं काय, याकडे येतो. 'आमच्याकडे हवामापन केंद्र द्या' ही मागणी मला कळते, पण तुमच्या बाबतीत मी ती पहिली ठेवणार नाही. केंद्र मंजूर होऊन बसेपर्यंत उड्डाणपुलाचं काम कदाचित संपलेलं असेल. धूळ कुठून येते हे तुम्हाला दिसतंच आहे, तिथे मोजणीच्या आधी उपाय मागा.

आणि उपाय म्हणजे फक्त पाणी नव्हे. एप्रिलच्या उन्हात मारलेलं पाणी तासाभरात वाळतं. जास्त मारलं तर चिखल होतो, तो टिप्परच्या चाकांना चिकटून पुढे अर्धा किलोमीटर डांबरावर पसरतो, आणि संध्याकाळी त्याचीच धूळ होते. मी काही कामांवर बघितलं आहे की दिवसाला चार टँकर मारूनही धूळ कमी होत नव्हती. कामाच्या जागेतून बाहेर पडताना चाकं धुण्याची सोय केली आणि डांबरावर आलेली माती रोज उचलायला लावली, तेव्हा फरक पडला. माती उचलायची म्हणजे झाडूने बाजूला सारायची नाही. झाडूने ती फक्त हवेत जाते. ओली करून खरवडायची, नाहीतर शोषून घेणाऱ्या यंत्राने काढायची. तात्पुरत्या वळणरस्त्यावर डांबराचा थर, ट्रकवर ताडपत्री, मातीच्या ढिगांवर जाळी, कामाच्या कडेने पत्र्याचा आडोसा. केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये पर्यावरण संरक्षण नियमांत बांधकामाच्या धुळीसाठी तरतुदी घातल्या. साहित्य झाकणं, पाणी मारण्याची सोय, आणि कोणते उपाय केले आहेत ते लोकांना दिसेल असा फलक लावणं हे त्यात आहे. तुमच्या कामावर तो फलक आहे का, हे उद्याच बघा. त्याचा फोटो, किंवा तो नसल्याचा फोटो, हे तुमच्या अर्जाचं पहिलं पान.

अर्ज कुणाकडे, हे धुळीवर अवलंबून आहे. रस्त्याच्या कामाची धूळ असेल तर काम करून घेणारं खातं आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोघांनाही एकाच दिवशी. कचरा जाळण्याचं असेल तर पंचायत. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे, त्याचा उल्लेख करा. एखाद्या कारखान्याचं असेल तर मंडळाने त्याला दिलेल्या संमतीपत्राची प्रत माहिती अधिकारात मागा. कोणत्या अटींवर चिमणी चालते हे त्यात लिहिलेलं असतं. आणि कुणीच हाललं नाही तर सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी उपजिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली होतं, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली आहे. माझा अनुभव असा की 'हवा फार खराब आहे' अशा अर्जाला उत्तर येत नाही. 'अमुक चौक ते अमुक वळण, सकाळी ८ ते १०, चाकं धुण्याची सोय नाही, सोबत बारा फोटो' अशा अर्जावर कुणाला तरी जागेवर यावं लागतं.

तुमच्या प्रश्नातला मोठा भाग राहिला: एवढ्या झपाट्याने वाढणाऱ्या भागाचं काय? म्हापशापासून पर्वरी, पणजी, ताळगाव, बांबोळी, झुवारी ओलांडून वेर्णा आणि मडगावपर्यंत आता महामार्गालगत एकच सलग शहर होत चाललं आहे. पण कारभार तुकड्यांत. नुसती पर्वरीच पेन्ह द फ्रान्स, सुकूर आणि साल्वादोर द मुंद अशा पंचायतींत वाटलेली. एका पंचायतीने कचरा जाळणं बंद केलं आणि शेजारच्या माळावर तो जळतच राहिला, तर धुराला हद्द कळत नाही. मडगावच्या सोनसोडोला मे २०१९ मध्ये कचऱ्याच्या ढिगाला आग लागली. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत जानेवारी २०२३ मध्ये रंगाच्या कारखान्याला लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये म्हादईच्या जंगलात वणवे पेटले. या तिन्ही वेळी लोकांना हवं होतं ते आजच्या रात्रीचं उत्तर: खिडक्या लावायच्या का, म्हाताऱ्यांना दुसरीकडे न्यायचं का. आठवड्यातून दोनदा कागद बदलणारी पद्धत ते उत्तर देऊ शकत नाही, आणि ती त्यासाठी बनलेलीही नाही.

माझ्या हातात असतं तर मी या पट्ट्यात तासागणिक मोजणारी थोडीच पण चांगली केंद्रं ठेवली असती. त्यातलं एक मुद्दाम स्वच्छ जागी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला समुद्राजवळ. मीठ आणि बाहेरून आलेली हवा किती, हे तिथून कळतं. तो आकडा वजा केल्याशिवाय शहराने स्वतः किती भर घातली हे समजत नाही. या केंद्रांच्या मधल्या जागा शाळांच्या भिंतींवर स्वस्त सेन्सर लावून भरल्या असत्या, दर मोसमाला केंद्राशेजारी आणून तपासलेले. आणि तासांचे कच्चे आकडे सगळ्यांना खुले. महिन्याची सरासरी छापून येते तेव्हा ज्या सकाळी मुलं खोकली ती सकाळ त्यात विरघळून गेलेली असते.

आता मुलाविषयी, कारण अर्जाला महिने लागतील आणि तो आज श्वास घेतोय. मी डॉक्टर नाही. त्याचं रोजचं औषध सांगितल्याप्रमाणे चालू आहे ना, ते त्याच्या डॉक्टरांबरोबर पाहाच. हवेपुरतं एवढं सांगतो. शाळेचा रस्ता महामार्गाच्या कडेने असेल तर एक गल्ली आतून न्या. रहदारीच्या धुरापासून थोडं अंतर मिळालं तरी फरक पडतो. हिवाळ्यात सकाळी लवकर खिडक्या बंद ठेवा आणि समुद्राचा वारा सुरू झाल्यावर मागच्या बाजूच्या उघडा. खेळायला संध्याकाळी रस्त्याकडे नको, इमारतीच्या मागे. हेपा, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरचं शुद्धीकरण यंत्र घेणार असाल तर ते मुलाच्या झोपण्याच्या खोलीच्या मापाचं घ्या आणि ती खोली बंद ठेवा. हॉलमध्ये उघड्या खिडकीशेजारी ठेवलेलं यंत्र नुसतं वीज खातं.

आणि एक रात्र सेन्सर घराच्या आत ठेवून बघा. डासांची कॉइल, धूप, तळण यांनी आतला आकडा बाहेरच्या किती पट होतो ते तुमच्याच डोळ्यांनी पाहा. एका ओळखीच्या घरात कॉइल बंद केल्यावर मुलीचा रात्रीचा खोकला आठवड्यात कमी झाला. सगळ्यांचं तसं होईल असं नाही. आपल्या घरांत जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कपाटामागे बुरशी धरते, आणि दम्याच्या मुलांना तीही छळते. त्याचा खोकला पावसाळ्यातही तितकाच असेल तर पुलाच्या धुळीइतकंच कपाटामागे बघायला हवं.

म्हणूनच पाऊस लागला की सेन्सर बंद करून ठेवू नका. आर्द्रतेमुळे आकडे डळमळतील, तरी वही चालू ठेवा, विशेषतः मुलाच्या खोकल्याचा रकाना. जुलैतल्या एखाद्या उघडिपीच्या दुपारी, सरी ओसरून वारा सुटलेला असताना, दोन्ही सेन्सर जो आकडा दाखवतील तो लाल शाईने लिहून ठेवा. ती तुमच्या गल्लीची धुतलेली हवा. ऑक्टोबरात माती वाळायला लागेल तेव्हा त्या आकड्यापासून मोजायला सुरुवात करा, आणि दोन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की मला इथेच पाठवा. वाऱ्याच्या दिशेशी त्या कशा लावायच्या ते मी बसून दाखवीन.